थांब जरा, जाऊ नको हां

धुक्यात सगळी घरं एकसारखी दिसतात. मिसिसागाच्या त्या गल्लीतली घरं तर धुक्याशिवायही एकसारखीच होती. तीच विटकरी भिंत, तेच गराज आणि दारापुढे पानं झडलेला तोच एकुलता मेपल. नोव्हेंबरातली संध्याकाळ, दिवे लागायची वेळ. ईशानीच्या हातातली पत्रकं दमट होऊन एकमेकांना चिकटली होती. रस्ता जिथे गोल वळून संपत होता, तिथलं शेवटचं घर तेवढं राहिलं होतं.

तिनं बेल दाबली. दाराच्या चौकटीवरच्या काळ्या डबीत निळं कडं उजळलं. कॅमेरावाली बेल, हल्ली घरोघरी असते तशी. आत कुठेतरी मंजुळ टिंगटाँग झालं, मग काहीच नाही… आणि मग त्या डबीतून, अगदी कानाशी यावा तसा, एका वयस्कर पुरुषाचा आवाज आला.

"आलो, आलो. थांब जरा, जाऊ नको हां."

ईशानी जागच्या जागी गोठली. दुपारपासून दारोदार "हाय, आय ॲम ईशानी" म्हणून तिचा जबडा दुखायला लागला होता, आणि इथे कोणीतरी तिला मराठीत थांबायला सांगत होतं, तेही लहानपणापासून ओळखत असल्यासारखं.

"हो काका, थांबलेय," ती म्हणाली.

ती थांबली. कोणी आलं नाही. आत दिवा नव्हता, पावलं नव्हती. दाराला लागून एक उभी, दुधी काच होती. त्या काचेवर आतल्या बाजूनं, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, तळहाताएवढी वाफ धरली होती. ती वाफ हळूहळू आकसत होती… आणि मग पुन्हा पसरत होती.

ईशानी पाण्याची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये काम करायची. नीट बघणं हाच तिचा धंदा होता. ती वाफ म्हणजे श्वास होता, हे कळायला तिला वेळ लागला नाही. आणि कळल्यावर ती एक पायरी मागे सरकली.

"तुम्हालाही थांबायला सांगितलं?"

ती किंचाळायचीच राहिली. मागे धुक्यात एक उंच मुलगा उभा होता. जाड जॅकेट, लाल झालेलं नाक, आणि छातीवर बिल्ला – 'रेबेका'. ईशानीच्या छातीवरचा बिल्ला म्हणत होता – 'मृणालिनी'.

पक्ष एकच होता, रायडिंगही एकच, म्हणजे इथल्या भाषेत मतदारसंघ. निवडणुकीला पक्षातर्फे कोणी उभं राहायचं हे त्या रायडिंगमधले पक्षाचे सभासद मत देऊन ठरवणार होते, आणि उमेदवारी मागणाऱ्या दोघी होत्या. मृणालिनीताई नर्स होत्या; त्यांना सरकारनं कर्ज काढून हॉस्पिटल वाढवायला हवं होतं. रेबेका बँकेतून रिटायर झालेल्या. त्यांना सरकारनं आधी डोक्यावरचं कर्ज उतरवायला हवं होतं. एका पक्षातल्या माणसांना भांडायला एवढं पुरतं.

"तुम्ही त्यांच्याकडचे," ईशानी म्हणाली.

"आमच्या बाजूनं बघितलं तर तुम्हीच त्यांच्याकडच्या." तो हसला. "मी परीक्षित. या दाराशी तिसऱ्यांदा उभा आहे. काका दर वेळी येतो म्हणतात आणि येत नाहीत. पण इतक्या आपुलकीनं म्हणतात, की मी त्यांना आमचं पक्कं मत म्हणून टिक करून टाकलं."

"मी आत्ता तेच करणार होते."

"म्हणजे काकांनी दोघांनाही हो म्हटलंय."

"मुरलेले दिसतात."

दोघं हसले, आणि हसता हसता दोघांचीही नजर त्या काचेकडे गेली. वाफ नव्हती. तिच्या जागी बोटानं पुसल्यासारखा एक ओला पट्टा होता.

परीक्षितचं हसू विरलं. "कॉफी घेऊ या?" तो हळूच म्हणाला. "इथून लांब कुठेतरी."

—

त्यानंतर ते दोघं त्या दाराशी वारंवार भेटायला लागले… म्हणजे ठरवून नाही, असं दोघंही म्हणत. बेल दाबायची, आवाज ऐकायचा, वाट बघायची, मग कोपऱ्यावरच्या प्लाझामध्ये कॉफी आणि भांडण.

"पीआरवाल्यांनी आमचा उमेदवार ठरवायचा, हे मला मुळातच पटत नाही," परीक्षित म्हणायचा. तो बारा वर्षांचा असताना नागपूरहून इथे आला होता आणि केव्हाच नागरिक झाला होता; ईशानी अजून पीआरवर, म्हणजे नुसत्या कायम राहण्याच्या परवान्यावर होती. "खऱ्या इलेक्शनमध्ये जो मत देऊ शकत नाही, त्यानं नॉमिनेशनमध्ये द्यायचं?"

"टॅक्स मी देते. विंटरमध्ये घसरून मी पडते. आणि या अख्ख्या देशात मला मिळणारं एकमेव मत हे आहे, कारण पक्षाच्या नियमात इथं राहणं पुरेसं आहे. तेही तुला काढून घ्यायचंय?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. "माझं इथलं पहिलं मत आहे ते, परीक्षित. मी त्या दिवशी घालायचे कपडे ठरवलेत."

"कुठले?"

"तुला काय करायचंय?"

"नाही… टेबलावर बसून सगळ्यांचे पुरावे बघायचं काम माझ्याकडे आहे. रेबेकांकडून स्क्रुटिनीअर. म्हणजे ओळखायला बरं."

ती हसू लपवायला कपात बघे. मग तो कर्जावर येई. तेव्हा त्याचे डोळे फार गंभीर होत, आणि ईशानीला ते तसे आवडत, पण हे ती त्याला सांगणार नव्हती.

"हे सगळं कर्ज शेवटी कोणाच्या डोक्यावर बसणार आहे? आपल्या नातवंडांच्या."

"आपल्या?"

"म्हणजे… देशाच्या. सगळ्यांच्या. आपापल्या."

"बरं. पण हॉस्पिटलच बांधलं नाही, तर आपापली नातवंडं जन्माला कुठे येणार? पार्किंग लॉटमध्ये?"

परीक्षितचे कान लाल होत, आणि त्याचं कारण थंडी नसे.

त्या आवाजाचं कोडं मात्र ईशानीच्या डोक्यातून जाईना. तिनं लक्ष ठेवलं. आवाज दर वेळी तसाच होता. तोच दम, 'जरा'वर तोच किंचित कंप. बेल आणि आवाज यांच्यामधलं अंतरही तेवढंच.

"रेकॉर्डिंग आहे," ती एका संध्याकाळी दारासमोर उभं राहून कुजबुजली. "आतून कोणी उत्तर दिलं, तर ते लागत नाही. कोणीच उत्तर दिलं नाही, तरच लागतं."

"मग आत कोणी नसेल."

"वाफ बघ."

काचेवर वाफ होती. आत कोणीतरी दाराला तोंड लावून बसलं होतं, अंधारात, आणि उत्तर देत नव्हतं.

"ईशानी, चल इथून," परीक्षित म्हणाला. त्यानं तिच्या जॅकेटची बाही पकडली होती. ती गेली नाही. ती खाली वाकली, वाफेच्या उंचीला तोंड नेलं आणि अगदी हळू बोलली.

"आम्ही मतं मागायला नाही आलो. नुसतं विचारायला आलोय. सगळं बरं आहे ना?"

वाफ थबकली. मग कुलूप फिरल्याचा आवाज आला.

दारात एक बारकीशी म्हातारी उभी होती. आखूड पांढरे केस, अंगात कार्डिगन, मनगटाला गुंडाळलेली जपमाळ. तिच्यामागे, दाराला तोंड करून, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ठेवलेली होती. खुर्चीवर उशी होती.

"बरं म्हणजे…" ती म्हणाली, "तुम्ही आत या. थंडी घुसते."

तिचं नाव कॉन्स्टन्स. वसईकडची. नवऱ्याचं नाव लॉरेन्स. फेब्रुवारीत तो दारातला बर्फ फावड्यानं काढून आत आला, म्हणाला चहा टाक, आणि चहा उकळायच्या आत गेला.

"ती बेल त्यानंच बसवली. आवाज भरत होता तेव्हा मी हसत होते. म्हटलं, तुझं ऐकून कोण थांबणार?" तिनं चहाचे कप पुढे केले. "उन्हाळाभर कोणी आलंच नाही. पार्सलवाले तर बेल दाबतच नाहीत, टाकून पळतात. आता हे तुमचं इलेक्शन आलं, तर दिवसातून दोनदा बोलतो. मी उत्तर दिलं तर तो गप्प होईल ना, बाय. म्हणून मी बसून राहते."

"हे अजून इलेक्शन नाही, आन्टी," परीक्षित म्हणाला. "नॉमिनेशन आहे."

ईशानीनं टेबलाखालून त्याला लाथ मारली.

"काय असेल ते," कॉन्स्टन्स म्हणाली. "किती दिवस चालणार आहे?"

बाहेर पडल्यावर पायरीवर दोघं नुसतेच उभे राहिले. मग परीक्षित वळला आणि त्यानं बेल दाबली. कारण काहीच नव्हतं. नुसतीच दाबली. निळं कडं उजळलं, आणि लॉरेन्सनं त्यांना जाऊ नका म्हणून सांगितलं. त्या दोघांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं. उमेदवार कोणीही होवो, ही बेल वाजवायला यायचं.

—

ईशानी तेव्हा ब्रॅम्पटनला, आणखी चौघींबरोबर एका घरात राहत होती. लॅबला पोचायला दोन बस बदलाव्या लागत, आणि मत द्यायचं तर त्याआधी या रायडिंगमध्ये राहायला यायलाच हवं होतं. कॉन्स्टन्सनं तिला आपलं बेसमेंट देऊ केलं. सामान हलवायला परीक्षित वडिलांची व्हॅन घेऊन आला. गादी जिन्यात अडकली. वर ईशानी, खाली परीक्षित, मध्ये गादी.

"थोडी डावीकडे घे."

"तुझी डावी की माझी?"

"आपली."

"आपली म्हणजे देशाची का?" गादीपलीकडून ती म्हणाली, आणि गादी हलायला लागली, कारण खाली तो हसत होता.

बेसमेंटच्या खिडकीतून वरची पायरी दिसायची. पहिला बर्फ पडला त्या सकाळी, उजाडताना, ईशानी लॉरेन्सच्या आवाजानं जागी झाली. "आलो, आलो…" तिनं खिडकीतून बघितलं. पायरीवर कोणी नव्हतं. ताज्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं, ना माणसाचं, ना सशाचं.

"सेन्सरला वाऱ्यानं फसवलं असेल," ती नाश्त्याला म्हणाली.

"असेल," कॉन्स्टन्स म्हणाली. "नाहीतर त्याला करमत नसेल."

ईशानीनं पाव खाल्ला आणि पुढे विचारलं नाही. पण त्या दिवसापासून घरात शिरताना ती दाराच्या डबीकडे बघून मान डोलवायला लागली, एखाद्या वडीलधाऱ्या माणसासमोरून जावं तशी.

त्याच आठवड्यात तिच्या कंपनीनं विचारलं, कोक्विटलामच्या नव्या लॅबमध्ये जाशील का? व्हँकुव्हरजवळ, देशाच्या दुसऱ्या टोकाला. पद मोठं, उपकरणं नवी. उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं. तिनं परीक्षितला प्लाझामध्ये सांगितलं. सांगताना कपाची कडा बोटानं गोल गोल फिरवत राहिली… तो काही म्हणेल म्हणून.

परीक्षितनं बाहेर बघितलं. बाहेर गाड्यांच्या काचांवरचा बर्फ लोक खरवडत होते.

"चांगली संधी आहे," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. "चांगली आहे."

—

उमेदवारीच्या मतदानाला शाळेच्या जिममध्ये रांगा लागल्या. बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबलं मांडली होती. ईशानीनं आईची गर्द जांभळी साडी नेसली होती, वर पफर जॅकेट, पायांत स्नो बूट. टेबलामागे परीक्षित बसला होता. तिला बघून तो बसल्या जागी ताठ झाला, आणि ते तिनं बघितलं.

तिनं लायसन्स पुढे केलं. टेबलावरच्या बाईंनी ते पाहून परीक्षितकडे सरकवलं. त्यावर पत्ता ब्रॅम्पटनचा होता. नवा करायचा राहून गेला होता.

परीक्षितनं ते कार्ड हातात धरलं.

"हरकत आहे," तो म्हणाला. "पत्ता रायडिंगबाहेरचा आहे."

ईशानीला आधी वाटलं, तो चिडवतोय. "परीक्षित, मी कुठे राहते तुला माहीत आहे."

"हो."

"माझी गादी तू उचललीस."

"हो. पण… नियमात गादी नाही, ईशानी. कागद लागतो."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. टेबलावरच्या बाईंनी दुसरा काही पुरावा आहे का विचारलं. नव्हता. विजेचं बिल कॉन्स्टन्सच्या नावाचं, भाडं विश्वासावर. ईशानीनं कार्ड परत घेतलं, साडीच्या निऱ्या उचलल्या आणि ती संपूर्ण जिम ओलांडून बाहेर आली. जाताना कोणी तिला अडवलं नाही.

मृणालिनीताई तिच्या मताशिवायही जिंकल्या. त्यांनी फोन करून सांगितलं तेव्हा ईशानीला आनंद झाला, आणि मग आपण का रडतोय ते तिला कळेना.

—

रविवारची संध्याकाळ. दुपारपासून बर्फ पडत होता, मोठा मोठा, वाराच नसल्यासारखा सरळ खाली. थंडीनं बेलची बॅटरी उतरली होती. लॉरेन्सचा आवाज जड, लांबट यायला लागला होता, पाण्याखालून बोलल्यासारखा. कॉन्स्टन्सला तो ऐकवेना. म्हणून ईशानीनं डबीचा बारीक स्क्रू काढला, बॅटरी बाहेर सरकवली, झाकण परत लावलं आणि बॅटरी स्वयंपाकघरात ओट्यावर चार्जिंगला लावली. तिच्यावरचा लाल दिवा लागला.

"आज तो गप्प," कॉन्स्टन्स म्हणाली, आणि तरीही सवयीनं दारामागच्या खुर्चीत जाऊन बसली.

ईशानी तिच्या पायाशी जमिनीवर बसली, भिंतीला टेकून, दिवा न लावताच. चहा घेतला. लॅबला 'हो' कळवायचा मजकूर फोनवर लिहून तयार होता. पाठवायचं तेवढं राहिलं होतं.

"त्या मुलानं बरोबर केलं की चूक?" कॉन्स्टन्सनं अचानक विचारलं.

ईशानीनं विचार केला. तिला खोटं बोलता आलं नाही. "माझ्या आधी त्यानं एका आजोबांना परत पाठवलं म्हणे. ब्रॅम्पटनचंच कार्ड. मला सोडलं असतं तर… मीच त्याला सांगितलं होतं एकदा, की आकडा आपल्या आवडीचा आहे म्हणून ठेवायचा आणि नावडता म्हणून टाकायचा, असं लॅबमध्ये करत नाहीत."

"म्हणजे बरोबर केलं."

"बरोबर केलं. म्हणून तर जास्त राग येतो, आन्टी."

बाहेर पायरीवर बूट आपटल्याचा आवाज आला. कोणीतरी तळव्यांचा बर्फ झाडत होतं. दुधी काचेपलीकडे एक उंच, करडी सावली येऊन थांबली. सावलीचा हात वर गेला, बेलकडे.

आत टिंगटाँग झालं नाही. होणारच नव्हतं.

मग काही क्षण गेले. ईशानीला ते अंतर पाठ होतं. बेल, मग शांतता, मग आवाज. आज फक्त शांतता होती, आणि बर्फ पडताना जो आवाज होत नाही, तो.

"परीक्षित, काका," बाहेरून आवाज आला. "हो… थांबतो. कुठे जात नाही."

ईशानीच्या मानेवर काटा आला. कॉन्स्टन्सची थंड बोटं तिच्या खांद्यावर रुतली.

"कोणाशी बोलतोय तो?" म्हातारी कुजबुजली.

"आत कोणी नाही, माहीत आहे मला," परीक्षित बाहेर म्हणत होता. "दिवा नाही. बरंच आहे. तुमच्याशी बोलायला सोपं जातं. तुम्ही मध्ये बोलत नाही." तो थोडा हसला, मग थांबला. "काका, त्या दिवशी मी हरकत घेतली ती नियमानं घेतली. परत तो दिवस आला तरी तशीच घेईन. ती जांभळ्या साडीत समोर उभी असली तरी. तिला एवढं मत द्यायचं होतं, आणि मी ते घेतलं. त्याचं मला वाईट वाटतं, पण ते चूक नव्हतं."

ईशानीनं डोळे मिटले.

"चूक त्याच्या आधी झाली. तिनं कोक्विटलामचं सांगितलं ना, तेव्हा मी म्हणालो, चांगली संधी आहे. शहाण्यासारखा. काका, हरकत घ्यायची होती ती तिथे. तिथे मी गप्प बसलो. देशाच्या नातवंडांची काळजी करत हिंडतो मी, आणि माझी स्वतःची…" तो अडखळला. "मला ती हवी आहे. भांडायला, सगळ्याला. ती गेली तर मी कोणाशी भांडणार? रेबेकांशी तर माझं सगळंच पटतं."

शांतता. बर्फ. आणि मग त्याचा आवाज, जरा पुढे वाकून ऐकल्यासारखा –

"काय? … कोस्तू? काका, कोस्तू कोण?"

खुर्ची मागे सरकल्याचा कर्कश आवाज झाला. कॉन्स्टन्स उभी राहिली होती. ईशानीनं तिला इतक्या चपळाईनं उठताना कधी पाहिलं नव्हतं. तिनं कुलूप फिरवलं आणि दार सताड उघडलं. थंडी आणि बर्फ एकदम आत आले.

परीक्षितच्या पापण्यांवर बर्फ होता. त्यानं आधी कॉन्स्टन्सकडे पाहिलं, मग तिच्यामागे जमिनीवर बसलेल्या ईशानीकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावरून रंग उतरला.

"तू… सगळं ऐकलंस?"

"तो काय म्हणाला?" कॉन्स्टन्सनं त्याच्या जॅकेटची बाही घट्ट धरली. "शब्द न् शब्द सांग, बाळा."

"नेहमीचंच. आलो, थांब जरा… पण आज पुढेही होतं. तुम्ही रेकॉर्डिंग बदललंय का? म्हणाले, कोस्तूला सांग, आता दार उघडत जा." तो गोंधळला. "कोण कोस्तू?"

कॉन्स्टन्सचा हात तिच्या तोंडाशी गेला. "मी," ती म्हणाली. "लग्नाच्या आधी म्हणायचा. या देशात ते नाव कोणाला माहीत नाही. मी आमच्या मुलांनापण कधी सांगितलं नाही."

ईशानी उठली. तिनं काही न बोलता परीक्षितचा गारठलेला हात धरला आणि त्याला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेलं. ओट्यावर, वायरीच्या टोकाला, बॅटरी पडली होती. लाल दिवा स्थिर जळत होता.

परीक्षितनं बॅटरीकडे पाहिलं. मग उघड्या दाराकडे. मग पुन्हा बॅटरीकडे.

"मी ऐकलं, ईशानी."

"मला माहीत आहे."

"तू तर म्हणणार, इतक्यांदा ऐकलंय की कानाला भास झाला."

"पहिल्या वाक्यापर्यंत तेच म्हणेन," ती सावकाश म्हणाली. "दुसऱ्यासाठी माझ्याकडे काही नाही." असं ती लॅबमध्ये कधीच म्हणाली नसती. पण आत्ता ते म्हणताना तिला लाज वाटली नाही, भीतीही फारशी वाटली नाही. तिचा अंगठा त्याच्या हाताच्या पाठीवरचा वितळणारा बर्फ पुसत होता. "तुझं ते… बाहेर बोललास ते. ते अधिकृत धरायचं का?"

"कोक्विटलामला माझी हरकत आहे."

"कारण?"

"सांगितलं ना काकांना."

"नियमानं समोर सांगावं लागतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचे कान हळूहळू लाल झाले. मग तो खाली झुकला आणि तिच्या कानात दोनच शब्द म्हणाला. ते काय होते, ते ईशानीनं पुढे कधी कोणाला सांगितलं नाही. तिनं खिशातून फोन काढला, तयार ठेवलेला मजकूर पुसला, आणि त्याच्या ओल्या जॅकेटवर कपाळ टेकवलं.

"हरकत मान्य," ती म्हणाली. "पण कर्जाचं तुझं अजूनही चुकतंय."

"आणि तुझा पत्ता अजूनही ब्रॅम्पटनचा आहे."

"उद्या बदलते."

त्याच्या हसण्याची धग तिला केसांत जाणवली. मग दोघांच्याही लक्षात आलं, की घरात थंडी येतच आहे. दार अजून उघडं होतं.

कॉन्स्टन्स उंबऱ्यात उभी होती, पाठमोरी. तिनं चौकटीवरच्या त्या काळ्या, रिकाम्या डबीवरचा बर्फ बोटानं पुसला, जसा कोणाच्या गालावरचा पुसावा. कडं उजळलं नाही. ती जरा पुढे वाकली, आणि तिचा आवाज इतका मऊ होता, की आधी दोघांना वाटलं ती प्रार्थना म्हणतेय.

"आले हां, आले," ती म्हणाली. "थांब जरा. पोरांना चहा करते, मग."